चालू सर्व्हरमधील घटक सुरक्षितपणे बंद करण्याच्या पद्धतीचा विकास : मुंबईतील सार्वजनिक संगणकव्यवस्था आणि सिंधुदुर्गचा ग्राहक

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा नव्या यंत्रांच्या आगमनाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणते यंत्र कोणत्या वर्षी कार्यान्वित झाले, त्याचा वेग किती, स्मृती किती, या तपशिलांना त्यात अग्रस्थान मिळते. यंत्र बंद कसे करावे हा प्रश्न मात्र तंत्रज्ञांच्या माहितीपुस्तिकेपुरता उरतो. वस्तुतः ज्या यंत्रावर लाखो लोकांचे व्यवहार एकाच वेळी चालू असतात, त्याचा एक भाग दुरुस्तीसाठी बंद करणे आणि उरलेला भाग अबाधित ठेवणे, हे ते यंत्र प्रथम सुरू करण्याइतकेच, किंबहुना अधिक कठीण काम आहे. हे काम मानवाने कसे साध्य केले, याचाही एक इतिहास आहे.

मालवण किनाऱ्यावरील वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. मालवणात रेल्वे स्थानक नाही. येथील प्रवासी कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवली स्थानकावरून गाडी पकडतो. गणेशचतुर्थीला गावी येणाऱ्या चाकरमान्याचे आरक्षण, बाजारपेठेतील व्यापाऱ्याचे बँक खाते, निवृत्त शिक्षकाने घेतलेले समभाग, या सर्वांची नोंद गावापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या यंत्रांत राहते. त्या यंत्रातील एखादा घटक चुकीच्या क्रमाने बंद झाला, तर येथील खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन’ एवढेच उत्तर मिळते. त्या दोन शब्दांमागील कारणपरंपरा ग्राहकाला दिसत नाही.

प्रस्तुत निबंधात मुंबई व नवी मुंबई येथील सार्वजनिक स्वरूपाच्या संगणकव्यवस्थांच्या आधारे या पद्धतीच्या विकासाचे तीन टप्पे मांडले आहेत. पहिल्या टप्प्यात वेळेचा आधार होता, दुसऱ्यात जोडीचा, तिसऱ्यात विभाजनाचा. प्रत्येक टप्प्यावर यंत्र अधिक सहनशील होत गेले. परंतु बंद करण्याचा क्रम पाळण्याची माणसाची जबाबदारी कमी न होता वाढत गेली, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

संकल्पना : फीडर आणि सर्व्हर

विभाजित सर्व्हर म्हणजे एकाच कपाटातील असे मोठे यंत्र की ज्याचे प्रोसेसर, स्मृती आणि आदान-प्रदानाची साधने गटागटांत वाटून प्रत्येक गटाला स्वतंत्र संगणकाप्रमाणे चालवता येते. अशा गटाला विभाग किंवा पार्टिशन म्हणतात. एका विभागावर प्रत्यक्ष व्यवहार, दुसऱ्यावर अहवाल, तिसऱ्यावर नव्या प्रणालीची चाचणी, अशी योजना करता येते. एका विभागाची कार्यप्रणाली कोसळली, तरी शेजारच्या विभागाने चालू राहावे अशी अपेक्षा असते.

कोकणातील वीजवितरणाशी परिचित असलेल्यांना ही कल्पना सहज समजेल. एका उपकेंद्रातून निघणारे अनेक फीडर हे जणू विभागच होत. एका फीडरवर काम करावयाचे असल्यास तंत्रज्ञ थेट खांबावर चढत नाही. तो प्रथम उपकेंद्राकडून परमिट घेतो. संबंधित फीडर बंद केला जातो, वाहिनीत प्रवाह नाही याची चाचणी होते, वाहिनी जमिनीशी जोडून अर्थिंग केले जाते आणि त्यानंतरच काम सुरू होते. काम संपल्यावर माणसे व साधने खाली आल्याची खात्री करून परमिट परत दिले जाते. मगच वीज पुन्हा येते. एवढी काळजी घेऊनही एखाद्या उपाहारगृहाच्या जनरेटरमधून उलट दिशेने वीज येण्याचा धोका असतो, म्हणून अर्थिंगला पर्याय नाही. थोडक्यात, परवानगी, अलगीकरण, चाचणी, काम आणि परतफेड असा हा क्रम आहे. सर्व्हरमधील घटक बंद करण्याचा क्रम याच धर्तीवर विकसित झाला. फरक इतकाच की येथे धोका मुख्यतः माहितीला असतो आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

संपूर्ण यंत्र बंद करण्याचा काळ

आरंभीच्या संगणकांत एक भाग बंद करण्याची सोयच नव्हती. १९४६ मध्ये अमेरिकेत जाहीर झालेल्या एनियॅक या यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या. नलिका तापताना आणि थंड होताना त्यांच्यावर ताण येई व अनेक नलिका त्याच वेळी निकामी होत. त्यामुळे यंत्र शक्यतो बंदच करू नये असा व्यवहार रूढ झाला. बंद करणे ही क्रिया स्वतःच यंत्राला हानिकारक ठरू शकते, हा या इतिहासातील पहिला धडा होय.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यात २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. त्याची चुंबकीय स्मृती २,०४८ शब्दांची होती. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे त्या काळातील मोठे यंत्र आले. अशी यंत्रे वैज्ञानिक गणितासाठी होती आणि कामे गठ्ठ्यांनी दिली जात. देखभालीसाठी यंत्र काही तास थांबले, तर संशोधकाला निकाल उशिरा मिळे. परंतु रांगेत उभा असलेला सामान्य नागरिक त्यावर अवलंबून नव्हता. म्हणून बंद करण्याचा प्रश्न सार्वजनिक स्वरूपाचा बनला नाही.

देखभाल हा स्वतंत्र उद्योग म्हणून भारतात उभा राहिला तो सत्तरच्या दशकात. कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी, म्हणजेच पुढील काळातील सीएमसी, १९७५ मध्ये स्थापन झाली. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातील कामकाज थांबवल्यानंतर देशभरातील तिच्या यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी मुख्यतः या संस्थेवर आली. ज्या संस्थेच्या नावातच ‘मेंटेनन्स’ हा शब्द होता, तिनेच पुढे रेल्वे आरक्षण आणि शेअर बाजार यांच्या संगणकीकरणात महत्त्वाचा वाटा उचलला. यंत्र थांबण्याची किंमत जाणणाऱ्या अभियंत्यांकडे सार्वजनिक व्यवस्था उभारण्याचे काम गेले, ही बाब या इतिहासात लक्षात घेण्याजोगी आहे.

वेळेचा आधार : रेल्वे आरक्षण

रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण १९८५-८६ मध्ये दिल्लीत सुरू झाले. सीएमसीने तयार केलेली ‘इम्प्रेस’ ही प्रणाली डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स यंत्रांवर चालत असे. नंतर मुंबईसह इतर महानगरांत अशी केंद्रे झाली. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या रेल्वे सूचना प्रणाली केंद्राने, म्हणजे ‘क्रिस’ने, ‘कॉन्सर्ट’ ही नवी प्रणाली विकसित केली. १९९४ मध्ये ती सिकंदराबाद येथे प्रथम वापरात आली आणि एप्रिल १९९९ पर्यंत पाचही केंद्रे परस्परांशी जोडली गेली. दरम्यान १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण लांबीने सुरू झाली होती. त्यामुळे सिंधुदुर्ग जिल्हा रेल्वेच्या आणि तिच्या संगणकजालाच्या कक्षेत जवळजवळ एकाच वेळी आला.

व्हॅक्स यंत्रांचा विशेष असा की १९८३ पासून ती समूहाने जोडता येऊ लागली. समूहातील यंत्रे एकाच साठवण-साधनांचा वापर करीत. एखादे यंत्र बाहेर काढावयाचे असल्यास ते समूहातून जात असल्याची सूचना इतरांना देऊन रीतसर बाहेर पडण्याची तरतूद होती. समूहातील मतांची गणपूर्ती टिकली नाही, तर उरलेली यंत्रे आपण होऊन काम थांबवीत; कारण तुटलेल्या समूहाच्या दोन भागांनी एकाच माहितीवर स्वतंत्रपणे लिहिणे हा सर्वांत मोठा धोका होता. एकच शायिका दोन प्रवाशांना दिली जाण्यापेक्षा खिडकी काही काळ बंद राहणे बरे, असा हा हिशेब होता.

तथापि आरक्षण-व्यवस्थेचा मुख्य आधार वेळेचा राहिला. मध्यरात्रीच्या आगेमागे व्यवस्था काही काळ थांबवून दिवसाचा हिशेब पूर्ण करण्याची पद्धत रूढ झाली. देखभालीचे काम कोणत्या वेळी करावे, हा येथे तांत्रिक निर्णयाइतकाच सामाजिक निर्णय ठरतो. आगाऊ आरक्षणाची मुदत पूर्वी १२० दिवसांची होती, ती १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांची झाली. परंतु नव्या तारखेचे आरक्षण सकाळी आठ वाजता खुले होते. गणपतीच्या गाड्यांसाठी त्या पहिल्या काही मिनिटांचे महत्त्व कोकणातील प्रत्येक कुटुंब जाणते. रात्री बारा वाजता एखादा घटक बंद झाल्यास कोणाच्या लक्षातही येणार नाही; तोच घटक सकाळी आठ वाजता बंद झाल्यास हजारो घरांचे नियोजन कोलमडेल. ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवरून तिकीटविक्री सुरू झाल्यानंतर ग्राहक चोवीस तास दारात उभा राहिला आणि रात्रीचा मोकळा वेळ आक्रसत गेला.

जोडीचा आधार : शेअर बाजार

शेअर बाजाराची गरज वेगळी होती. तेथे रात्री देखभालीस वेळ मिळे. मात्र दिवसा व्यवहार चालू असताना एक मिनिटाचा खंडही परवडणारा नव्हता. भाव क्षणाक्षणाला बदलत असल्याने थांबलेल्या मिनिटाची भरपाई नंतर होऊ शकत नाही. म्हणून मुंबईच्या दोन्ही बाजारांनी अशी यंत्रे निवडली की ज्यांतील घटक निकामी होईल हे गृहीत धरूनच त्यांची रचना केलेली होती.

राष्ट्रीय शेअर बाजाराने नोव्हेंबर १९९४ मध्ये समभागांचे व्यवहार सुरू केले, ते स्ट्रॅटस कंपनीच्या यंत्रावर. या यंत्रात प्रत्येक महत्त्वाचा बोर्ड जोडीने असे आणि प्रत्येक बोर्डावर तेच गणित दोनदा होई. दोन उत्तरे जुळली नाहीत, तर तो बोर्ड स्वतःच कामातून बाजूला होई व त्यावरील लाल दिवा लागे. जोडीदार बोर्ड काम पुढे चालू ठेवी. तंत्रज्ञाने यायचे, लाल दिव्याचा बोर्ड यंत्र चालू असतानाच काढायचा आणि नवा बसवायचा, अशी व्यवस्था होती. कोणता घटक काढणे सुरक्षित आहे, हे येथे यंत्र स्वतः सांगत असे.

१८७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई शेअर बाजाराने १४ मार्च १९९५ रोजी ‘बोल्ट’ ही पडद्यावरील व्यवहारांची प्रणाली सुरू केली. सीएमसीने विकसित केलेली ही प्रणाली टँडेम कंपनीच्या यंत्रावर चालत होती. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या टँडेमने १९७६ मध्ये आपले पहिले यंत्र ग्राहकाला दिले. त्यातील प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची स्मृती आणि स्वतःचा वीजपुरवठा होता. प्रोसेसरांमध्ये संदेशवहनाचे दोन मार्ग होते. आदान-प्रदानाचा प्रत्येक नियंत्रक दोन प्रोसेसरांना जोडलेला असे आणि त्याला दोन वीजपुरवठ्यांतून वीज मिळे. एक पुरवठा बंद केला, तरी नियंत्रक दुसऱ्यावर चाले. प्रत्येक महत्त्वाच्या प्रक्रियेची जोडीदार प्रक्रिया दुसऱ्या प्रोसेसरवर तयार असे आणि तिला वेळोवेळी स्थिती कळवली जाई. एक प्रोसेसर बंद झाल्यास जोडीदार प्रक्रिया तेथून पुढे काम चालवी.

वीजपुरवठ्याची ही विभागणी या टप्प्यावरील महत्त्वाचा शोध मानली पाहिजे. घटक निकामी झाल्यावर काय करावे, याबरोबरच तो दुरुस्तीसाठी हेतुतः बंद करावा लागेल, हा विचार आराखड्याच्या पहिल्या रेषेपासून केलेला होता. परंतु जोडीच्या पद्धतीची किंमत मोठी होती. राखीव क्षमता विकत घेऊन सदैव तयार ठेवावी लागे.

विभाजनाचा आधार : स्टारफायर ते सुपरडोम

एका यंत्रात अनेक स्वतंत्र यंत्रे ही कल्पना आयबीएमच्या १९७२ मधील व्हीएम/३७० या प्रणालीत प्रत्यक्षात आलेली होती. १९८८ मध्ये आयबीएमने मोठ्या यंत्रांतच तार्किक विभाजनाची सोय दिली. १९९७ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सचा एंटरप्राइज १०००० हा सर्व्हर आला. ‘स्टारफायर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या यंत्रात १६ बोर्ड आणि जास्तीत जास्त ६४ प्रोसेसर असत. कार्यप्रणाली चालू असताना बोर्ड एका विभागातून काढून दुसऱ्यास जोडण्याची सोय हे त्याचे वैशिष्ट्य होते.

बोर्ड काढण्यापूर्वी त्यावरील काम इतरत्र न्यावे लागे. प्रोसेसरवरील प्रक्रिया हलवणे तुलनेने सोपे होते. स्मृतीतील मजकूर इतर बोर्डांवर किंवा डिस्कवर हलवणे वेळखाऊ होते. त्याला स्मृती रिकामी करणे असे म्हणत. कार्यप्रणालीचा स्वतःचा गाभा ज्या बोर्डाच्या स्मृतीत असे, तो काढण्यासाठी संपूर्ण विभाग काही काळ स्तब्ध करावा लागे. वेग वाढवण्यासाठी स्मृतीचे पत्ते अनेक बोर्डांवर आलटून-पालटून पसरलेले असल्यास बोर्ड वेगळा काढताच येत नसे. म्हणजे वेगासाठी केलेली बांधणी सुरक्षितपणे बंद करण्याच्या आड येई. व्यवस्था उभारतानाच ती उलगडण्याचा विचार करावा लागतो, हा येथील धडा.

ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने २००० मध्ये सुपरडोम हा सर्व्हर आणला. त्याचा पायाभूत घटक म्हणजे ‘सेल’. आरंभीच्या यंत्रात एका सेलवर चार प्रोसेसर आणि त्यांची स्मृती असे. दोन कपाटांत मिळून १६ सेल व ६४ प्रोसेसर बसत. एक किंवा अनेक सेल मिळून एक विभाग बने आणि विभागांमधील सीमा यंत्राच्या पातळीवर आखलेली असल्याने एकातील बिघाड सहसा दुसऱ्यात जात नसे. भारतीय स्टेट बँकेने २००० नंतरच्या दशकात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या साहाय्याने जी केंद्रीकृत बँकिंग व्यवस्था उभारली, तीत सुपरडोम सर्व्हरचा वापर झाला. बँकेचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र नवी मुंबईतील बेलापूर येथे आहे. पूर्वी शाखेतील खातेवही शाखेतच असे आणि एका शाखेचे यंत्र बंद पडले, तर तेवढ्याच शाखेचे काम अडे. केंद्रीकरणानंतर मालवणच्या खातेदाराला देशात कोठेही पैसे काढता येऊ लागले. त्याबरोबर दूरच्या केंद्रातील देखभालीचा परिणाम प्रत्येक शाखेपर्यंत पोहोचू लागला. सोय आणि अवलंबित्व एकाच तारेतून आले.

सुरक्षितपणे बंद करण्याचा क्रम

सुपरडोमसारख्या यंत्रात एक सेल बंद करण्याची रीत पाहिली, तर वर वर्णिलेल्या परमिटच्या पद्धतीशी तिचे साम्य स्पष्ट होते.

पहिली पायरी ओळख पटवण्याची. कोणता सेल कोणत्या विभागाचा आहे, तो सक्रिय आहे की निष्क्रिय, हे यंत्राच्या स्थितिदर्शक आज्ञेने पाहिले जाते. कपाटातील स्थान, पडद्यावरील क्रमांक आणि प्रत्यक्ष बोर्ड यांचा मेळ घालणे येथे अत्यावश्यक असते. शेजारचा चुकीचा बोर्ड काढला जाणे हा सर्वांत साधा आणि सर्वांत महागडा अपघात होय. म्हणूनच संबंधित घटकावरील लक्षवेधी दिवा मुद्दाम लावण्याची सोय अशा यंत्रांत दिलेली असते.

दुसरी पायरी रिकामे करण्याची. सेल विभागाच्या रचनेतून वगळला जातो. आरंभीच्या यंत्रांत यासाठी तो विभाग रीतसर बंद करून नव्या रचनेसह पुन्हा सुरू करावा लागे. इतर विभाग मात्र चालू राहत.

तिसरी पायरी परिणाम तपासण्याची. सेलला आदान-प्रदानाचा कप्पा जोडलेला असेल, तर सेलबरोबर त्या कप्प्याचीही वीज जाते. त्या कप्प्यातून डिस्ककडे जाणारा मार्ग एकमेव आहे की दुसरा मार्ग उपलब्ध आहे, हे आधीच पाहावे लागते.

चौथी पायरी प्रत्यक्ष वीज बंद करण्याची. कार्यप्रणालीतून दिलेली आज्ञा सक्रिय सेल बंद करण्यास नकार देते. सेवा-नियंत्रकाची पातळी अधिक अधिकाराची असल्याने तेथून आज्ञा देताना चालकाने आधी खात्री करून घेणे अपेक्षित असते. कपाटाचे मुख्य बटण बंद केल्यास त्या कपाटात ज्यांचे सेल आहेत ते सर्व विभाग बाधित होतात. विशेष म्हणजे हे बटण बंद केल्यावरही नियंत्रक बोर्डांसाठीचा अल्प वीजपुरवठा चालूच राहतो. बटण बंद आहे म्हणून यंत्र निर्वीज आहे, असे मानता येत नाही.

पाचवी पायरी पडताळणीची. दिव्याची स्थिती आणि पडद्यावरील नोंद दोन्ही जुळल्यावरच घटक बाहेर काढावयाचा, आणि काम झाल्यावर उलट क्रमाने परत यावयाचे. दिवा काय सांगतो आणि नोंदवही काय सांगते यांत विसंगती असल्यास थांबावयाचे, हा या क्रमाचा अलिखित परंतु सर्वांत महत्त्वाचा नियम आहे.

बंद भाग आणि उरलेला आधार

टँडेम कंपनीतील संशोधक जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये संगणक का थांबतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या यंत्रांतील आरंभीचे बिघाड वगळून त्यांनी केलेल्या वर्गीकरणात ४२ टक्के खंड यंत्र चालवणे, त्याची रचना बदलणे आणि देखभाल करणे या मानवी कामांशी संबंधित होते. सॉफ्टवेअरचा वाटा २५ टक्के, यंत्रघटकांचा १८ टक्के आणि वीज, वातानुकूलन आदी बाह्य परिस्थितीचा १४ टक्के होता. घटक निकामी झाला तरी न थांबणारे यंत्र मानवी हस्तक्षेपाच्या वेळी थांबत होते. जोडीच्या रचनेने घटकाच्या बिघाडाचा प्रश्न मोठ्या प्रमाणात सोडवला. दुरुस्तीच्या वेळी होणाऱ्या चुकीचा प्रश्न शिल्लक राहिला.

याचे कारण उघड आहे. दोनपैकी एक घटक देखभालीसाठी बंद केला की त्या काळापुरती जोडी मोडते. सर्व भार एकावर येतो आणि त्याच वेळी दुसरा बिघाड झाल्यास आधार उरत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई व ठाणे परिसरातील मोठ्या भागाची वीज गेली आणि लोकलगाड्या जागीच थांबल्या, तेव्हा तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी दिलेले कारण याच प्रकारचे होते. महापारेषणच्या कळवा-पडघा केंद्रात सर्किट एकची देखभाल चालू असल्याने भार सर्किट दोनवर होता व त्यात तांत्रिक बिघाड झाला, असे त्यांनी सांगितले. पुढे सायबर हल्ल्याच्या शक्यतेचीही चर्चा झाली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र २०२१ मध्ये मानवी चुकीकडे निर्देश केला. कारणाविषयीचा वाद बाजूला ठेवला, तरी देखभालीच्या काळात राखीव आधार किती उरतो, हा प्रश्न वीजजाल आणि सर्व्हर या दोन्हींना समान आहे.

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास थांबले. ते दुपारी पावणेचार वाजता पुन्हा सुरू झाले आणि कामकाजाची वेळ सायंकाळी पाचपर्यंत वाढवावी लागली. दोन दूरसंचार पुरवठादारांच्या जोडण्यांतील अडचणींनंतर साठवण-यंत्रणेवर परिणाम होऊन जोखीम-व्यवस्थापन प्रणाली अनुपलब्ध झाली, असे बाजाराने स्पष्ट केले. ही घटना देखभालीची नव्हे, बिघाडाची होती. तथापि पुरवठादार दोन असले म्हणून आधार दुहेरी होतोच असे नाही, हे तिने दाखवून दिले. एक घटक बंद करून पाहण्याचा सराव नियमितपणे केल्याखेरीज दुसऱ्याची खरी क्षमता कळत नाही.

याउलट परिस्थिती सिंधुदुर्गने मे २०२१ मध्ये अनुभवली. १६ व १७ मे रोजी किनाऱ्याजवळून गेलेल्या तौक्ते चक्रीवादळाने मालवण, देवगड, वेंगुर्ला या तालुक्यांत विजेचे खांब व वाहिन्या कोसळल्या आणि अनेक गावे काही दिवस अंधारात राहिली. दूरच्या केंद्रांतील सर्व्हर चालू असूनही येथील ग्राहकाच्या दृष्टीने ते बंदच होते. केंद्रात कितीही जोड्या व विभाग असले, तरी शेवटच्या टोकाला येणारी वाहिनी एकेरी असेल, तर व्यवस्थेची खरी ताकद त्या एकेरी वाहिनीइतकीच राहते. सर्व्हरच्या अखंडतेचे मोजमाप केंद्रात करावे की ग्राहकाच्या खिडकीवर, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली बाब अशी की, घटक सुरक्षितपणे बंद करण्याची गरज संगणक सार्वजनिक सेवेत आल्यानंतर तीव्र झाली. टिफ्रॅकच्या काळात न भासलेली ही गरज रेल्वे आरक्षण, शेअर बाजार आणि बँक या क्रमाने वाढत गेली. दुसरी बाब अशी की, त्या गरजेला वेळ, जोडी आणि विभाजन अशी तीन उत्तरे दिली गेली. नव्या उत्तराने जुने उत्तर रद्द केले नाही. विभाजित सर्व्हर वापरणाऱ्या व्यवस्थेलाही जोड घटक लागतात आणि देखभालीची वेळ ठरवावीच लागते. आता काम एका यंत्रावरून दुसऱ्यावर चालू स्थितीत हलवण्याच्या पद्धती सर्वत्र वापरात आल्या आहेत. परंतु ओळख पटवणे, रिकामे करणे, परिणाम तपासणे, बंद करणे आणि पडताळणे हा क्रम त्यांतही कायम आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे, यंत्र जितके सहनशील झाले तितकी त्याच्या चालकाची शिस्त निर्णायक ठरली. ग्रे यांच्या अभ्यासातील ४२ टक्क्यांचा आकडा हा माणसावरील दोषारोप म्हणून वाचू नये. देखभाल करणाऱ्याच्या हाती स्पष्ट क्रम, विश्वसनीय खूण आणि थांबण्याचा अधिकार दिला पाहिजे, असे तो सुचवतो. खांबावर चढण्यापूर्वी परमिट मागणाऱ्या तंत्रज्ञाला तो अधिकार नियमाने मिळालेला असतो. सर्व्हरच्या कपाटापुढे उभ्या असलेल्या तरुण अभियंत्यालाही तो तितक्याच निःसंदिग्धपणे मिळणे आवश्यक आहे.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात संगणक सुरू करणे, प्रणाली बसवणे, आज्ञावली लिहिणे यांस स्थान आहे. चालू व्यवस्थेचा एक भाग सुरक्षितपणे बंद करण्यास ते नाही. कोकणातील महाविद्यालयांतून दरवर्षी अनेक विद्यार्थी मुंबई, नवी मुंबई व पुणे येथील माहिती-केंद्रांत नोकरीस जातात. त्यांच्या हातून बंद होणाऱ्या घटकाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचेच गाव असते. त्यामुळे संगणकशास्त्र, भौतिकशास्त्र आणि इतिहास या विभागांनी एकत्र येऊन हा विषय प्रात्यक्षिकांत व अध्यापनात आणल्यास तो विद्यार्थ्यांच्या रोजगाराला आणि जिल्ह्याच्या दैनंदिन व्यवहारालाही उपकारक ठरेल.